कंपनी बुडाल्यानंतरचं शहर

फिनलंडमधली सालो आणि औलू ही दोन शहरं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. सालो दक्षिणेला, हेलसिंकी आणि तुर्कूच्या मध्ये. औलू पार उत्तरेकडे, बॉथनियाच्या आखाताच्या काठावर. दोन्ही शहरं नोकियाच्या जिवावर बहरली. सालोत मोबाइल बनवण्याचा मोठा कारखाना होता, औलूत प्रामुख्याने रेडिओ तंत्रज्ञान आणि नेटवर्क यांवर संशोधन चालायचं. मग पडझड झाली. सालोमधलं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं. २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतला आणि त्याच वर्षी औलूतलं केंद्र बंद करायचं जाहीर केलं. सालोत उरलेल्या कामावर पुढच्या वर्षी गदा आली. कंपनी एक, देश एक, काळही जवळपास एकच. तरी त्यानंतरची वर्षं या दोन शहरांना सारखी गेली नाहीत.

प्रादेशिक नवोन्मेष व्यवस्था हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. नाव जड वाटतं, पण त्यामागचा प्रश्न कुणालाही पडेल असा आहे. काही प्रदेशांत एकामागून एक नवे उद्योग उभे राहतात आणि काही प्रदेश एकदा खाली बसले की उठता उठत नाहीत, हे कशामुळे? विद्यापीठं, कारखाने, सुटे भाग पुरवणारे, बँका, तंत्रशाळा, सरकारी खाती या सगळ्यांमध्ये कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाकडून शिकतं, हे शोधायचं आणि त्याचा औद्योगिक वाढीशी काय संबंध लागतो ते तपासायचं, असं हे काम. या विषयात जितकी आत जात गेले तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं. प्रदेशाची ताकद त्याच्या भरभराटीच्या वर्षांत मोजू नये. तेव्हा सगळेच हुशार दिसतात. तिथली सगळ्यात मोठी कंपनी कोसळते, तेव्हा माणसांच्या हातात आणि डोक्यात साठलेल्या कसबाचं पुढे काय होतं, ते पाहावं.

औलूचं पाहा. तिथलं विद्यापीठ १९५८ चं. व्हीटीटी या राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७४ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा काढली. नॉर्डिक देशांतला पहिला टेक्नॉलॉजी पार्क १९८२ मध्ये तिथेच उभा राहिला. विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार ही कंपनी काढली आणि पाच वर्षांनी हृदयाचे ठोके बिनतारी मोजून मनगटावर दाखवणारं यंत्र बाजारात आणलं. मोबाइलची मोठी लाट यायला तेव्हा अजून अवकाश होता. म्हणजे नोकिया वाढली ती आधीच मशागत झालेल्या जमिनीत. पुढे ती आकसली तेव्हा बिनतारी संदेशवहनात मुरलेली शेकडो माणसं एकाच वेळी मोकळी झाली, आणि मीडियाटेक, नॉर्डिक सेमीकंडक्टर यांसारख्या बाहेरच्या कंपन्या त्या माणसांच्या शोधात औलूत आल्या. माणसांनी कंपन्यांच्या मागे जावं हे नेहमीचं. इथे कंपन्या माणसांच्या मागे आल्या. नोकियाचा नेटवर्क विभागही शहरात टिकून होता. झोप आणि नाडी मोजणाऱ्या अंगठीची औरा ही कंपनी २०१३ मध्ये औलूतच सुरू झाली. २०१८ मध्ये तिथल्या विद्यापीठाने ६जी संशोधनाचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

हे सगळं सुखासुखी झालं असं मी म्हणणार नाही. औलूतही बेरोजगारी वाढली, घरोघरी काळजी होती. पण शहराला एक उत्तर देता येत होतं: तुम्हाला जे येतं त्याची इथे अजून कुणाला तरी गरज आहे.

सालोला ते उत्तर देणं जड गेलं. तिथलं कसब मुख्यतः एका विशिष्ट वस्तूच्या मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचं होतं, आणि तसं उत्पादन आशियात हललं होतं. शहराने प्रयत्न सोडले नाहीत. जुन्या जागेत आयओटीचा, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या तंत्रज्ञानाचा, कॅम्पस काढला. २०१९ मध्ये वाल्मेत ऑटोमोटिव्हने तिथे गाड्यांच्या बॅटऱ्या बनवण्याचं काम सुरू केलं. हेही चांगलंच झालं. पण त्यासाठी बाहेरून कुणीतरी येऊन एक मोठा निर्णय घ्यावा लागला, आणि तोवरची वर्षं वाट पाहण्यात गेली.

उद्योग एका जागी का गोळा होतात, याचा विचार जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच तीन कारणं मांडली होती: कुशल कामगार सहज मिळतात, जोडधंदे आसपास उभे राहतात आणि धंद्यातली मर्मं कुणी मुद्दाम न शिकवताही पसरत जातात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जाकोमो बेकात्तीनी यांनी इटलीतल्या प्रातोसारख्या कापड-शहरांकडे पाहून हाच धागा पुन्हा उचलला. पुढे बेंगट-ऑके लुंडवाल आणि ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी नवोन्मेषाकडे व्यवस्था म्हणून पाहायला शिकवलं, आणि १९९२ मध्ये फिलिप कुक यांनी ती नजर देशावरून प्रदेशावर आणली. एवढी वंशावळ पुरे. मला इथे जे बोलायचं आहे ते या मांडणीच्या एका कमकुवत जागेबद्दल आहे.

आपण जे मोजतो ते बहुतेक वेळा संस्थांचं असतं. विद्यापीठं किती, प्रयोगशाळा किती, संशोधनावरचा खर्च किती, पेटंट किती. प्रश्नावली घेऊन लहान कारखान्यांत गेलं की या मोजणीतली पोकळी लगेच कळते. ‘संशोधन आणि विकास यांवर वर्षाला किती खर्च?’ या प्रश्नाला मालक शांतपणे ‘काही नाही’ म्हणतो. मग चहा येईपर्यंत तोच माणूस तुम्हाला शॉपफ्लोअरवर नेतो आणि एक जिग, म्हणजे काम करताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी पकड, दाखवतो. ती त्याने आणि त्याच्या फिटरने मिळून तीन वेळा बदललेली असते, कारण गिऱ्हाइकाकडचा माल परत येत होता; आणि आता येत नाही. हे संशोधन नाही तर काय आहे? पण रकान्यात शून्य लिहिलं जातं. लुंडवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या: एक विज्ञानातून येणारी, दुसरी काम करता करता, वापरता वापरता आणि एकमेकांशी बोलता बोलता येणारी. डेन्मार्कमधल्या कंपन्यांच्या पाहणीत त्यांना असं आढळलं की दोन्ही वाटा एकत्र चालणाऱ्या कंपन्या नवं काही आणण्यात जास्त यशस्वी ठरतात. पहिली वाट आकड्यांत सापडते. दुसरी माणसांत असते, आणि माणूस निघून गेला की तीही जाते.

कसब माणसांत असतं, हे सिद्ध करायला प्रयोग कसा करणार? एखाद्या शहरातली यंत्रं काढून घ्यायची आणि माणसं ठेवायची, किंवा माणसं न्यायची आणि यंत्रं ठेवायची, असं कुणी जाणूनबुजून करणार नाही. जर्मनीतल्या येना शहरात इतिहासाने ते केलं.

येनात कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये छोटी कार्यशाळा काढली. तेव्हा सूक्ष्मदर्शक बनवणं म्हणजे भिंगं जुळवून पाहणं, चुकलं की पुन्हा जुळवणं. झाइस यांना हे हिशेबाने व्हायला हवं होतं, म्हणून १८६६ मध्ये त्यांनी तिथल्याच विद्यापीठातल्या एर्न्स्ट आब्बे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला जोडून घेतलं. आब्बेंनी सूक्ष्मदर्शकाचा सिद्धान्त मांडला, पण सिद्धान्ताला हवी तशी काच कुठे मिळत नव्हती. मग ओटो शॉट आले आणि १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. कारागीर, वैज्ञानिक आणि काच करणारा, असे तिघे एका लहान शहरात चालत जाऊन भेटता येईल इतक्या अंतरावर. झाइस गेल्यानंतर आब्बेंनी १८८९ मध्ये कंपनीची मालकी एका प्रतिष्ठानाकडे सोपवायला सुरुवात केली. नफ्याचा वाटा विद्यापीठाला मिळू लागला, आणि १९०० मध्ये तिथे आठ तासांचा दिवस लागू झाला. प्रादेशिक नवोन्मेष व्यवस्था ही संज्ञा जन्माला येण्याच्या शंभर वर्षं आधी ती तिथे चालू होती.

१९४५ मध्ये अमेरिकी सैन्य येनात पोचलं, पण ठरलेल्या वाटपाप्रमाणे तो भाग सोव्हिएत संघाकडे जाणार होता. जूनमध्ये माघार घेताना अमेरिकनांनी झाइस आणि शॉट इथले निवडक तज्ज्ञ कुटुंबांसह आपल्याबरोबर पश्चिमेला नेले. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यानंतर युद्धाची भरपाई म्हणून बहुतेक यंत्रसामग्री उचलली, आणि १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्यांतल्याही बऱ्याच तज्ज्ञांना आपल्या देशात नेलं. तेव्हा पश्चिमेला गेलेल्यांकडे माणसं होती पण कारखाना नव्हता. येनात कामगार होते पण यंत्रं आणि वरची फळी दोन्ही गेली होती.

आणि दोन्ही उभी राहिली. पश्चिमेकडची मंडळी ओबरकोखेन या छोट्या गावात स्थिरावली, आणि आज जगातल्या सर्वात प्रगत चिप ज्या यंत्रांवर बनतात, त्या एएसएमएल या डच कंपनीच्या यंत्रांत लागणारे आरसे आणि भिंगं याच गावातून जातात. येनातलं काम पूर्व जर्मनीत राष्ट्रीयीकृत कारखाना म्हणून पुन्हा सुरू झालं. १९९० नंतर ती व्यवस्थाही कोसळली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, त्यातून येनऑप्टिक आणि इतर कंपन्या निघाल्या. प्रकाशाशी संबंधित उद्योग आजही येनाची ओळख आहे. यंत्रं नेता आली. तंत्रशाळा, शिकाऊ कामगारांना घडवणारे फोरमन, विद्यापीठाशी असलेली पिढ्यांची ओळख हे मालगाडीत भरता आलं नाही. मी हे वाचलं तेव्हापासून ‘भांडवली गुंतवणूक’ हा रकाना पाहताना माझ्या मनात पहिली शंका येते ती हीच, की या आकड्यातलं किती उचलून नेता येईल.

पण कसब टिकलं म्हणजे झालं, असंही नाही. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगररांगेतली घड्याळ-शहरं ते फार मोठी किंमत मोजून शिकली. त्यांच्याकडे नव्या कल्पनांची वानवा होती असं आजही अनेकजण लिहितात. ते खरं नाही. तिथल्या उद्योगाने एकत्र येऊन १९६२ मध्ये न्यूशातेलला इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी संशोधन केंद्र काढलं होतं आणि त्या केंद्राने १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचा, म्हणजे बॅटरीवर स्फटिकाच्या कंपनांनी वेळ मोजणाऱ्या घड्याळाचा, नमुना तयारही केला. जपानच्या सेइको कंपनीचं क्वार्ट्झ घड्याळ दुकानात आलं ते २५ डिसेंबर १९६९ ला. शोध होता, प्रयोगशाळा होती, सहकार्यही होतं. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. तरी १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास असलेले रोजगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस हजारांच्या घरात आले.

कारण व्यवस्थेची घडण एका वस्तूभोवती झाली होती. जागतिक मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, आलेल्या सरकारी नियमांनी नवा कारखाना काढायला, असलेला वाढवायला, सुटे भाग आणि यंत्रं निर्यात करायला परवाने लागू केले. हेतू चांगला होता: एकमेकांचे गळे कापणारी स्पर्धा थांबावी, कारागिरी देशाबाहेर जाऊ नये. शेकडो छोट्या कारखान्यांना त्याने जगवलंही. पण हे नियम सैल होईपर्यंत साठचं दशक उजाडलं, आणि तोवर यांत्रिक घड्याळाच्या शेकडो भागांपैकी एकेका भागात तरबेज झालेल्या कारखान्यांचं जाळं इतकं घट्ट विणलं गेलं होतं की इलेक्ट्रॉनिक घड्याळ म्हणजे त्या जाळ्यातल्या बहुतेकांना आपलं काम गेल्याची सूचना होती. प्रयोगशाळेतला शोध खाली झिरपायला वाटच नव्हती. १९८३ मध्ये स्वॉच हे स्वस्त, प्लास्टिकचं स्विस घड्याळ आलं आणि उद्योग सावरला, ही कहाणी सगळ्यांना माहीत आहे.

मला त्याच डोंगरांमधली दुसरी कहाणी जास्त मोलाची वाटते. राइनहार्ड श्ट्राउमान या अभियंत्याने घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगांसाठी मिश्रधातू विकसित केले होते. वाल्डेनबुर्ग या घड्याळांच्याच गावात १९५४ मध्ये त्यांच्या नावाने धातू-संशोधनाची संस्था सुरू झाली. १९५८ मध्ये काही स्विस शल्यविशारदांनी मोडलेली हाडं आतून जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक गट स्थापन केला. त्यांना हवे होते शरीरात गंज न धरणारे, न तुटणारे स्क्रू आणि पट्ट्या. घड्याळाच्या धातूची जाण असलेली ही संस्था १९६० पासून त्यांच्याबरोबर काम करू लागली. तिथून दातांच्या इम्प्लांटपर्यंत ती पोचली, आणि आज श्ट्राउमान हे नाव दंतवैद्यांमध्ये जगभर माहीत आहे. जुराच्या परिसरात स्वयंचलित लेथवर घड्याळाचे इवले स्क्रू कातणारे इतरही अनेक कारखाने पुढे शस्त्रक्रियेची अवजारं आणि इम्प्लांटचे भाग करू लागले. धातू बारीक आणि अचूक कातण्याचं कसब तेच. त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

‘दुसरं गिऱ्हाईक’ हे आता माझ्या विचाराचं केंद्र झालं आहे. अर्थभूगोलाच्या अभ्यासकांनी, विशेषतः रॉन बोश्मा, कून फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली: प्रदेशात उद्योग वेगवेगळे हवेत, पण एकमेकांचं शिकता येईल इतके जवळचेही हवेत. अगदी एकच उद्योग असला तर धक्का सगळ्यांना एकदम बसतो. काहीच साम्य नसलेले दहा उद्योग असले तर एकातून बाहेर पडलेल्याला दुसऱ्यात जागा नसते. मधली अवस्था दुर्मीळ आहे, आणि ती कुणी एका योजनेने तयार केल्याचं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. हाडांचे डॉक्टर आणि घड्याळाचा धातूतज्ज्ञ यांची गाठ कुठल्याच आराखड्यात नव्हती. आराखडा एवढंच करू शकला असता की अशी गाठ पडण्याच्या आड येणारे परवाने काढून टाकणं.

रुअर खोऱ्यात ती गाठ पडायला फार उशीर झाला. कोळसा आणि पोलाद यांवर उभा राहिलेला जर्मनीचा हा पट्टा. १९५० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या खाणींत पाच लाखांच्या आसपास माणसं होती. गेर्नोट ग्राबहर यांनी १९९३ मध्ये या प्रदेशावर लिहिलं ते आमच्या विषयातलं मला सर्वात जास्त हलवून गेलेलं लिखाण. त्यांचं म्हणणं असं की रुअरला एकमेकांशी असलेल्या घट्ट नात्यांनीच बांधून टाकलं. यंत्रं पुरवणाऱ्या कारखान्यांची पोलाद कंपन्यांशी ओळख इतकी जुनी, इतकी खात्रीची, की त्यांना बाहेरचा बाजार धुंडाळावा किंवा स्वतःचं संशोधन वाढवावं असं वाटलंच नाही. सगळे एकाच नजरेने पाहू लागले, आणि मंदी आली तेव्हा ती तात्पुरती आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. कंपन्या, कामगार संघटना, राजकारणी सगळे जुन्याला वाचवायला एकत्र उभे राहिले. ज्या विश्वासाचं आम्ही अभ्यासक इतकं कौतुक करतो, तो विश्वास तिथे भरपूर होता.

या खोऱ्यातलं युद्धोत्तर काळातलं पहिलं नवं विद्यापीठ बोखुमला स्थापन करायचं ठरलं ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तिथे शिकवणं सुरू झालं १९६५ मध्ये. त्याच काळात, १९६२ मध्ये, बोखुमला ओपेलचा मोटार कारखाना आला. खाणीतून बाहेर पडणाऱ्यांना तो मोठा आधार वाटला. तो २०१४ मध्ये बंद झाला. विद्यापीठात मात्र गणित आणि संगणकसुरक्षा यांचं काम वाढत गेलं, २००२ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि २०१९ मध्ये माक्स प्लांक सोसायटी या जर्मनीतल्या मोठ्या विज्ञान-संघटनेने सुरक्षा आणि गोपनीयता या विषयाची संस्था बोखुमलाच काढली. विद्यापीठाच्या निर्णयापासून इथवर यायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. पाच वर्षांच्या योजनेचा अहवाल तिसऱ्या वर्षी मागणाऱ्या प्रत्येक खात्यासमोर मला हे ठेवावंसं वाटतं. दगडी कोळशाची शेवटची खाण, बोट्रोपची, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. ती तारीख अकरा वर्षं आधी, २००७ मध्ये, ठरली होती आणि सक्तीची नोकरकपात न करता माणसं कमी केली गेली. ही अकरा वर्षं आधी मिळाली असती तर, असं मनात येतंच.

माणसाला इकडून तिकडे जाता येणं हेही नियमांवर अवलंबून असतं, आणि ते नियम नवोन्मेषाच्या कुठल्याच निर्देशांकात मोजले जात नाहीत. कॅलिफोर्नियात नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असा करार १८७२ पासूनच्या कायद्यामुळे सहसा टिकत नाही. १९५७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉक्ली यांच्या कंपनीतून आठजण बाहेर पडून फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढू शकले आणि १९६८ मध्ये त्यांच्यातल्याच दोघांनी इंटेल काढली, ते अशा मातीत. मिशिगनमध्येही १९८५ पर्यंत असे करार चालत नव्हते. पण त्या वर्षी मक्तेदारीविरोधी कायद्याची फेररचना करताना ती मनाई अनवधानाने रद्द झाली. मॅट मार्क्स, डेबोरा स्ट्रम्स्की आणि ली फ्लेमिंग यांनी पेटंटांवरची शोधकांची नावं धरून त्यांच्या नोकऱ्यांचा माग काढला, आणि इतर राज्यांच्या तुलनेत मिशिगनमधल्या शोधकांचं कंपनी बदलण्याचं प्रमाण घटल्याचं दाखवलं. नंतरच्या अभ्यासात असंही दिसलं की हे लोक मिशिगन सोडून करारांची सक्ती नसलेल्या राज्यांकडे जाऊ लागले. पेटंट मोजण्यापेक्षा पेटंटावरच्या माणसाच्या मागे जाणं किती जास्त सांगून जातं, हे मी या अभ्यासातून शिकले.

या सगळ्यात एक उदाहरण मला विचारात पाडतं, कारण तिथे ‘नंतर काय’ याची तरतूद आधीच केलेली होती. स्पेनमधल्या बास्क प्रदेशात, मोन्द्रागोनमध्ये, होसे मारिया आरिस्मेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये आले. त्यांनी १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिथून शिकून गेलेल्या पाचजणांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना सुरू केला. शाळा आणि कारखाना यांत तेरा वर्षांचं अंतर. मग १९५९ मध्ये सहकारी बँक, १९७४ मध्ये इकेरलान ही संशोधन संस्था. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी शिकणं, मग करणं, मग पैशाची सोय, मग संशोधन. बहुतेक धोरणं याच्या उलट क्रमाने चालतात. या परिवाराचा आद्य उद्योग, घरगुती उपकरणांचा फागोर, २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. बाकीच्या सहकारी संस्थांनी त्याला किती काळ पैसा पुरवायचा यावरून तीव्र मतभेद झाले आणि शेवटी हात आखडता घेतला गेला. पण त्यातल्या बहुतेक स्थानिक सभासदांना इतर सहकारी कारखान्यांत सामावून घेतलं किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली. कारखाना वाचवला नाही, माणसं वाचवली. ज्यांनी आपली बचत त्या कंपनीत गुंतवली होती त्यांचं नुकसान मात्र झालं, हेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे.

आणि इथेच माझा माझ्या विषयाशी सगळ्यात मोठा झगडा आहे. ‘प्रदेश सावरला’ असं आम्ही लिहितो, तेव्हा नेमकं कोण सावरलेलं असतं? जुरामध्ये गेलेल्या साठेक हजार नोकऱ्यांपैकी किती जण इम्प्लांटच्या कारखान्यांत पोचले असतील? १९७४ नंतरच्या मंदीत स्वित्झर्लंडमधून परदेशी कामगार मोठ्या संख्येने परत गेले, आणि त्यामुळे बेरोजगारीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसला. ते प्रदेशाच्या हद्दीबाहेर गेले म्हणजे आमच्या तक्त्याबाहेर गेले. घड्याळाचे भाग जुळवण्याचं काम करणाऱ्या बायकांचं कसब लेथवरच्या पुरुषांपेक्षा कमी बारीक नव्हतं. तरीही नवं गिऱ्हाईक कुठल्या कसबाला मिळालं आणि कुठलं कसब घरी बसलं, हा प्रश्न प्रदेशाच्या सरासरीत कुठेच उमटत नाही.

हे शोधता येत नाही असं नाही. फिनलंड आणि स्वीडनसारख्या देशांत प्रत्येक व्यक्तीच्या रोजगाराची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते, आणि नावं झाकून ती संशोधनाला मिळते. स्वीडनमधल्या जहाजबांधणीच्या गोद्या बंद पडल्यावर तिथले कामगार कुठल्या उद्योगात, कुठल्या गावात गेले याचा माग अभ्यासकांनी असा काढलेला आहे. बाकी ठिकाणी अशा नोंदी नाहीत. तिथे भविष्यनिर्वाह निधीची खाती, तंत्रशाळांच्या जुन्या वह्या, कामगार संघटनांच्या याद्या यांतून तुकडे जोडावे लागतात. काम चिकट आहे, वेळ खाणारं आहे आणि त्याला अनुदान मिळवणं अवघड, कारण बंद पडलेल्या कारखान्याचा अभ्यास म्हटलं की समोरचा विचारतो, यातून नवीन काय निघणार? मी त्याला सांगते की कुणाचं कसब कुठे लागलं आणि कुणाचं कुठेच लागलं नाही, याची यादी निघेल. आणि त्या दुसऱ्या यादीतल्या माणसांना काय काय येत होतं हे कळलं, तर पुढच्या वेळी त्यांच्यासाठी गिऱ्हाईक शोधायला निदान वेळेवर सुरुवात करता येईल.